ओढ्याच्या अलीकडे

वर्षावास संपला, दिव्यांची पौर्णिमा झाली आणि ह्निन यू बाई आउंगबानहून फ्लॉवरच्या रिकाम्या ट्रकमध्ये बसून तॉयिनला निघाल्या. गाडीरस्ता ओढ्यापाशी संपतो. तिथे उतरून, चपला हातात घेऊन, बाईंनी ओढा ओलांडला आणि चढ चढू लागल्या. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे. पण त्या दिवशी गुडघ्यांकडे लक्ष द्यायला त्यांना सवड नव्हती. उमेदीची सगळी वर्षं जिच्या मागे घातली, ती पोथी आज हातात पडायची होती.

तॉयिनची माणसं दनौ. सगळ्या डोंगरात मिळून मूठभर, आणि त्यांची बोली खालच्या बर्मी माणसाला एक अक्षर कळत नाही. रीती गावोगाव निराळ्या. तॉयिनची रीत अशी, की माणूस गेला की प्रेत उचलण्याआधी त्याला वाट सांगायची. ही तुझी पायरी, हा तुझा फणस, हे वळण, इथे तू लहानपणी पडलास, हा ओढा. तिथून पुढे डोंगर, खिंडी, सोडून दिलेली गावं, असं करत करत ही माणसं मुळात जिथून आली त्या पहिल्या गावापर्यंत. एक नाव चुकलं तर मेलेला रस्ता चुकतो. भिक्षू येतात, सूत्रं म्हणतात, पुण्य देऊन जातात, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण नुसत्या पुण्यावर पाय कुठे टाकायचा ते कसं कळणार, असं तॉयिनचं म्हणणं.

आता यातली गंमत ऐका. वाट ओढ्यापर्यंत आली, की बायकांनी उठून बाहेर जायचं. बायकांचं रडू ऐकून माणूस ओढ्यावरून मागे फिरतो म्हणे. पुढची सगळी वाट पुरुषांनी ऐकायची. आणि पुरुष काय करायचे? पत्ते खेळायचे. मयताच्या घरी प्रेताला सोबत म्हणून पत्त्यांचा डाव पडतोच, आणि हरणाऱ्याचं लक्ष वाटेकडे कशाला असेल? म्हणजे ओढ्याअलीकडची वाट गावातल्या बायकांना तोंडपाठ, आणि पलीकडची कुणालाच नाही. ती फक्त पोथीत, आणि पोथी वाचणाऱ्या ऊ पॉ थिट यांच्या जिभेवर.

ह्निन यू बाईंनी तॉयिनमधली किती मयतं गाठली, ते त्यांनाच ठाऊक. विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकवत, सुट्ट्या अशा घालवत. मोठ्या शिकलेल्या म्हणून गावात मान, पण ओढा आला की इतर बायकांबरोबर त्याही अंगणात. एकदा त्यांनी टेपरेकॉर्डर आत ठेवू का म्हणून विचारलं होतं. मेलेल्याचा रस्ता डबीत कोंडायचा नाही, असं उत्तर मिळालं. पोथी उघडून दाखवा म्हटलं, तर घरात प्रेत असल्याशिवाय ती उघडत नाहीत.

मग देशात पुन्हा लष्कर आलं. बाई संपात उतरल्या, नोकरी गेली, पेन्शन गेली. नवरा त्याआधीच गेला होता. हातात राहिलं ते हे एवढं एकच काम, आणि तेही अर्धं. गेल्या उन्हाळ्यात विहाराच्या प्रमुख भिक्षूंना, सयाडोंना, त्यांची दया आली असावी. "वर्षावास संपला की या," ते म्हणाले. "प्रेत नसताना पोथी उघडली तर तो दोष माझ्या माथी. बसून उतरवून घ्या." बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं.

पावसाळ्यात शेजारच्या खोऱ्यात लढाई पेटली. एक विहार जळाला, आतल्या ग्रंथांसकट. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. रस्ते बंद, फोन बंद. आउंगबानच्या भाजीवाल्याबरोबर त्यांनी निरोप धाडला: पोथी अशा ठिकाणी ठेवा, की कुणाचा हात पोचणार नाही.

गावच्या वेशीवरच मुखिया ऊ चॉ दिन भेटले.

"आलात बाई? जेवलात का?"

"पोथी आहे ना?"

"घ्या. माणसाची ख्यालीखुशाली राहिली बाजूला." ते हसले. "तुमचा शब्द खाली पडू देतोय होय आम्ही? आधी चार घास खा, मग दाखवतो."

भात, टोफू, आंबवलेला मोहरीचा पाला. बाईंनी कसंबसं गिळलं. मग निम्मं गाव त्यांना घेऊन विहाराकडे निघालं. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळ्यांचे चेहरे लग्नघरच्यासारखे. विहाराच्या अंगणात एक नवा स्तूप उभा होता. बेताच्या उंचीचा, पांढराशुभ्र, वर सोनेरी छत्री. खाली संगमरवरी फरशीवर दात्यांची नावं कोरलेली, आणि त्यात सगळ्यात वर बाईंचं: दॉ ह्निन यू.

"मी कुठे पैसे दिले?" बाई म्हणाल्या.

"पैशाचं काय घेऊन बसलात," ऊ चॉ दिन म्हणाले. "कल्पना तुमची ना? कुणाचा हात पोचणार नाही असं ठिकाण. आम्ही आठ दिवस डोकं खाजवलं. जमिनीत पुरावं तर वाळवी, गुहेत ठेवावं तर शिपाई कुत्री घेऊन फिरतात. मग सयाडोच म्हणाले, अहो, असं ठिकाण जगात एकच आहे."

मागून म्हाताऱ्यांनी पुण्याला अनुमोदन म्हणून साधू, साधू, साधू म्हटलं.

बाई फरशीकडे बघत राहिल्या. स्तूपाच्या गाभ्यात ठेवलेली वस्तू बाहेर काढायची म्हणजे स्तूप फोडायचा, आणि त्याहून मोठी पापं बोटावर मोजण्याइतकी आहेत. ही माणसं खोटी नव्हती, मूर्खही नव्हती. पोथीला जो सर्वांत मोठा मान देता येतो, तो त्यांनी दिला होता. बाईंना ओरडायचं होतं आणि ओरडायला समोर एकही शत्रू नव्हता. त्यांनी हात जोडले. दुसरं काय करणार?

माणसं पांगल्यावर त्या सयाडोंसमोर जाऊन बसल्या.

"भंते, उघडता येईल का?"

"स्तूप फोडणाऱ्याला काय म्हणतात, बाई?"

"दरोडेखोर."

"मग?"

"आतला गिलावा ओला असताना बंद केलाय तुम्ही. ताडपत्र आहे ते. चार-दोन पावसाळ्यांत लगदा होईल त्याचा."

सयाडो माळ ओढू लागले. ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग म्हणाले, "सगळंच अनित्य आहे, बाई."

हा शब्द बाईंनी जन्मभर ऐकला होता, वर्गात शिकवला होता, नवऱ्याच्या चितेपुढे स्वतःला समजावला होता. त्या दिवशी मात्र त्यांना त्याचा मनापासून संताप आला.

राहता राहिले ऊ पॉ थिट. ते खोकत चुलीजवळ पडले होते. त्यांची लेक मा ल्हा ओन त्यांना पेज भरवत होती.

"काका, तुम्ही तरी अडवायचंत."

"मी कशाला अडवू?" म्हातारा म्हणाला. "मला पाठ आहे सगळं. पोथी मी नुसती मांडीवर घ्यायचो. चष्मा फुटून किती वर्षं झाली, विचार हिला."

बाईंच्या जिवात जीव आला. "मग सांगा मला. आत्ता. ओढ्यापासून पुढे."

"प्रेत कुठाय?"

"काका..."

"प्रेताशिवाय वाट सांगितली की वाट उघडी राहते. मग जिवंत माणूस चालायला लागतो तिच्यावरून. माझ्या चुलत्याने एकदा दारूच्या नशेत म्हटली, तर त्या आठवड्यात त्याची धाकटी पोर गेली." खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत ते थांबले. मग डोळे बारीक करून हसले. "असं करा. कुणीतरी मरेपर्यंत राहा इथेच. बायका बाहेर गेल्या की तुम्ही आत पडद्यामागे बसा. मला कुठे दिसतंय? मी काही बघणार नाही."

"बाबा," लेक ओरडली.

"अगं, बाईंनी माझ्यासाठी किती वेळा चिरूट आणलेत. तू आणलेस का कधी?"

आणि बाई राहिल्या. मा ल्हा ओनच्याच ओसरीवर त्यांनी अंथरूण टाकलं. संशोधनाचं हे अंग कुठल्या पुस्तकात लिहीत नाहीत. कुणीतरी मरावं म्हणून माणूस वाट बघत बसतो आणि शेजाऱ्यांना चहाबरोबर शेंगदाणे वाढतो. वरच्या आळीतली थकलेली दॉ सो विहिरीवर दिसली, की बाईंची नजर आपोआप तिच्या सुजलेल्या पायांवर जायची. एकदा दॉ सोने विचारलं, "माझ्या पायाला काय लागलंय का, बाई?" बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी दुसऱ्या दिवशी नजर पुन्हा तिथेच गेली.

दॉ सो ठणठणीत राहिली. थंडी सुरू झाली आणि एका सकाळी गेले ते ऊ पॉ थिटच.

मा ल्हा ओन पेजेची वाटी घेऊन उभीच राहिली. बाईंनी तिला जवळ घेतलं, आणि तिला थोपटताना त्यांच्या मनात पहिला विचार पोथीचा आला. हे त्यांना स्वतःला लपवता आलं नाही. रडू आलं ते कुणासाठी, हेही त्यांना सांगता आलं नसतं.

दुपारी भिक्षू येऊन सूत्रं म्हणून गेले. प्रेत आंघोळ घालून, पायाचे अंगठे बांधून तयार होतं. कोपऱ्यात पत्त्यांचा डाव मांडलेला होता, पण कुणी पान उचलत नव्हतं. वाट सांगणाराच आज निजला होता, आणि हे गावात कुणाला आधी सुचलं नव्हतं.

ऊ चॉ दिन बाईंपुढे येऊन उकिडवे बसले.

"बाई, तुम्ही सांगा."

"मला अर्धीच येते."

"अर्धी तर अर्धी. ओढ्यापर्यंत तरी आमच्या बायका सगळ्याच पोचवतील, पण त्यांना रडू आवरणार नाही. तुम्ही शिकलेल्या. ओढ्यावर तुम्ही बाहेर जायचं नाही, आज आम्हीच सांगतोय. आम्ही आहोत ना इतके जण. इतकी वर्षं या घराघरांत बसलोय, काही ना काही कानावर पडलंच असेल."

ज्या क्षणासाठी बाईंनी जन्म घालवला तो हा. आत राहायची परवानगी मिळाली होती, आणि ऐकण्यासारखं आत काहीच उरलं नव्हतं.

त्या प्रेताच्या उशाशी बसल्या. दनौ बोलीत, ऊ पॉ थिट यांचीच चाल लावून, त्यांनी सुरुवात केली. ही तुझी पायरी. तिसरी सैल आहे, जपून. हा तुझा फणस, तुझ्या आईने लावलेला. हे वळण. इथे तू पडलास, गुडघा फुटला, तुझ्या बापाने पाला चोळला. हे शेत, हे तुझं नव्हे, इथे थांबू नकोस. आवाज कुठे अडखळला नाही. उतार आला, बांबूचं बेट आलं, पाण्याचा आवाज आला. हा ओढा.

बायका उठल्या आणि अंगणात गेल्या. मा ल्हा ओन उंबऱ्यावर क्षणभर रेंगाळली, मग तीही गेली.

बाईंनी पुरुषांकडे पाहिलं.

"दगड," एक जण म्हणाला. "ओढा झाला की दगड येतो. पलीकडचा दगड."

"कुठला दगड? नाव होतं त्याला."

"होतं खरं."

"दगडाच्या आधी चिंच नाही का?"

"चिंच खिंडीत आहे रे."

"तुला काय ठाऊक? तू त्या दिवशी माझे पत्ते बघत होतास."

कुणी हसलं नाही. ऊ चॉ दिन यांनी डोळे मिटून, कपाळाला मूठ लावून आठवायचा प्रयत्न केला. त्यांच्या बापाला, आईला, दोन भावांना ऊ पॉ थिट यांच्याच आवाजात वाट सांगितली गेली होती, आणि दर वेळी ते स्वतः तिथे बसले होते. एवढंच आठवत होतं, की एकदा त्यांनी मोठा डाव जिंकला होता. ते म्हातारे गृहस्थ बसल्या जागी हुंदके देऊ लागले. उन्हं कलली. प्रेत अंधाराआत न्यायला हवं होतं. शेवटी चौघांनी खांदा दिला.

अंगणात मा ल्हा ओनने बाईंचा हात धरला. "पोचले ना बाबा?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण जन्मभर जे ऐकलं तेवढंच लिहायचं, ही सवय मोडेना.

"ओढ्यापर्यंत पोचवलं," बाई म्हणाल्या.

मा ल्हा ओनने मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी केळीच्या पानात भाताची पुडी बांधून उतारावर जायला लागली.

सातव्या दिवसाचं भिक्षूंचं जेवण आटोपलं आणि बाई निघाल्या. आता तॉयिनमध्ये कुणी मेलं तरी ऐकायला थांबावं असं काही नव्हतं. निरोप द्यायला सगळे आले. "पुन्हा या," म्हणाले, "तुमच्या स्तूपाला भेटायला तरी या." बाई येते म्हणाल्या. वाटेवर फणस लागला, वळण लागलं, बांबूचं बेट लागलं.

ओढ्याकाठी आजची पुडी ठेवलेली होती. बाजूला एक चिरूटही. बाईंनी चपला काढल्या आणि पाण्यात पाय घातला. पाणी घोट्याएवढंसुद्धा नव्हतं. पलीकडे चढून त्या ट्रकची वाट बघत उभ्या राहिल्या. सभोवार पाहिलं, तर लहान, मोठे, शेवाळलेले, फुटके दगडच दगड पडले होते. त्यातला कुठला, हे सांगणारा अलीकडे राहिला होता.