ग्रंथालयाचा खांब

असमाबींचा फोन आला तेव्हा खिडकीबाहेरचं कुवेतमधलं मंगफ धुळीच्या वादळात बुडालं होतं. समोरची इमारतसुद्धा दिसेना. शाळा लवकर सोडली होती आणि माझ्या आर्याची बस हायवेवर अडकली होती. असमाबी बसमध्ये मुलं सांभाळतात, मूळच्या रत्नागिरीच्या.

"ताई, पोरीला धाप लागलीय. दम्याचा पंप दाबतेय तर नुसती फुस्स. औषधच येत नाय."

"असं कसं? सकाळीच नवी नळी घातलीय मी..."

बोलता बोलता मला पहाटे चिकटवलेला खांब आठवला.

आर्याच्या मांडीवरच्या खोक्यात टिमगाड होतं. रोमन सम्राट ट्राजनने एकोणीसशे वर्षांपूर्वी अल्जीरियात, निवृत्त सैनिकांसाठी वसवलेलं, सरळ रस्त्यांचं गाव. धाकटा झोपला की तेवढ्या वेळात आम्ही दोघींनी ते प्रदर्शनासाठी थर्माकोलवर उभारलं. खांब म्हणजे तिच्या पंपातल्या रिकाम्या नळ्या, साठवून ठेवलेल्या. आठ हव्या होत्या, सातच होत्या. म्हणून आज पहाटे पंपातली संपलेली नळी काढली, नवी बसवली आणि संपलेली आठवा खांब म्हणून चिकटवून रंगवली. निदान मला तसं वाटलं होतं.

"असमाबी, भरलेली नळी त्या गावात आहे! खांब उपटा."

"कुठचा? सगळे सारखेच रंगवलेत."

"कमानीतून आत. सरळ चौकापर्यंत. डावीकडे वळा. उजव्या हाताला ग्रंथालय, तिथला."

मागून शिट्टीसारखा श्वास आणि त्यातून आर्या, "नो! डोन्ट ब्रेक इट! गुरुवारी... एग्झिबिशन..."

"खोका सोडत नाय हो ही."

"स्पीकर लावा. आर्या, डोंगरातल्या लोकांनी टिमगाडचं काय केलं होतं?"

श्वास. अजून एक.

"मोडलं."

"का?"

"एनिमीला... तिथे राहता येऊ नये..."

"मग मोड, बाळा."

थर्माकोल करकरला.

"हलवून बघा, असमाबी."

"डुचमळतंय, डुचमळतंय!"

"वरची पुठ्ठ्याची टोपी काढा, पंपात बसवा, दाबा. आर्या, ओढ आत. आता धरून ठेव. एक, दोन, तीन..."

दहापर्यंत मीही श्वास घेतला नाही. मग दुसऱ्यांदा दाबलं, पुन्हा दहा. बसमधली पोरंही मोजायला लागली होती.

बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला.

"आई, एकच खांब गेला. बाकी गाव आहे."

शिट्टी अजून वाजत होती, पण दोन श्वासांच्या मध्ये आता एवढे शब्द मावत होते.