तीन वर्षं टेकलेले ओठ

मित्रांनो, मी एक जुना पितळी प्याला आहे. ओहायोतल्या डब्लिनमध्ये, एका अमेरिकन चर्चच्या तळघरातल्या कपाटात, कॉफीच्या कागदी कपांमागे मी राहतो. त्या कपांना वाटतं, मी उगाच भाव खातो. खातो तर खातो! ते एकदा वापरून फेकले जातात. मला मात्र जे कळलं ते बाळगत बसावं लागतं.

नगरच्या एका तांबटाने मला घडवलं आणि हिवाळे कुटुंबाने मला इथे आणलं. रविवारी दुपारी, अमेरिकन लोकांची उपासना आटोपली की आमची मराठी मंडळी जमते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. माझ्यात द्राक्षरस ओततात आणि सगळे एकाच प्याल्यातून एकेक घोट घेतात. मला हातोहात फिरवायचं काम मंडळीचे पंच सुमंत हिवाळेकाका यांचं, आणि शेवटचा घोटही त्यांचाच. त्यांचं कौतुक व्हायचं, माझंही व्हायचं.

पितळेला आतून कल्हई लागते, नाहीतर आंबट रस कळकतो. काकांची बायको नंदाकाकू दर दोन वर्षांनी मला पर्समध्ये घालून नगरला न्यायच्या. त्या कॅन्सरने गेल्या. मंडळीने त्यांच्यासाठी चाळीस दिवस प्रार्थना केली होती. त्या गेल्यानंतरच्या पहिल्याच प्रभुभोजनात काकांचे ओठ माझ्या कडेला टेकले, पण रस जागचा हलला नाही. उरलेला रस त्यांनी मागच्या दारापाशी मातीत ओतला. पुढच्या महिन्यातही तेच. तीन वर्षं तेच. दर वेळी ओतण्याआधी ते आजूबाजूला बघून घ्यायचे. मला त्यांची कीव यायची, आणि खरं सांगतो, रागही यायचा.

आमच्या मंडळीतली अंतरा तेव्हा सोळा वर्षांची होती. आमच्यात बाळपणी आईवडील मुलांचा बाप्तिस्मा करून घेतात. मोठेपणी मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा, त्याला दृढीकरण म्हणतात. मगच माझ्यातून घोट मिळतो. त्याआधी पंच चार प्रश्न विचारतात. काकांनी तिला तळघरातच बसवून विचारलं, "तुझा विश्वास आहे ना?"

"ऑनेस्टली काका, आय डोन्ट नो. कधी वाटतं, आहे. कधी काहीच वाटत नाही."

"मग यंदा नाही. देवापुढे जाब द्यावा लागतो, अंतरा. तिथे खोटं चालत नाही."

तिच्या आईने, नैनाने, दृढीकरणासाठी न्यू जर्सीहून येणाऱ्या आजीचं तिकीट रडत रडत कॅन्सल केलं. मी कपाटात शरमेने काळा पडलो.

मला नगरला न्यायला आता कुणी उरलं नव्हतं. कल्हई झिजली, रस कळकू लागला. पण प्रभूच्या मेजावरच्या रसाला नावं कोण ठेवणार? सगळ्यांनी तोंड वाकडं न करता तो गिळला.

एका रविवारी अंतरा मला विसळत होती. दृढीकरण न झालेल्या मुलांकडे भांडी घासायचं काम असतं. तेवढ्यात मंडळीतले विष्णूकाका काकांकडे आले. "सुमंत, रस कळकतोय रे. तीन-चार महिने झाले. घरी गेलो की मळमळतं. तुला नाही जाणवलं?"

"छे! मला तर नेहमीसारखाच लागला."

विष्णूकाका गेले. अंतराने माझ्या आत बोट फिरवलं. ते हिरवट झालं. तिने ते काकांसमोर धरलं.

"काका, तुम्ही पीतच नाही ना?"

काका घडीची खुर्ची ओढून बसले. "नंदा गेली आणि माझी प्रार्थनाच होईना. सांगितलं असतं तर ही माणसं तुटली असती. दुसरं कोण आहे मला इथे?"

"पण मला तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"आणि विष्णूकाका सिक झाले."

"हो."

अंतराने मला पुसून पालथं ठेवलं. "मी कुणाला सांगणार नाही."

"नको," काका म्हणाले. "मलाच सांगायला हवं."

पुढच्या प्रभुभोजनाआधी ते उभे राहिले. "तीन वर्षं मी नुसते ओठ टेकवले. म्हणून हा प्याला खराब झालेला मला कळला नाही, आणि तुम्ही आजारी पडलात. या मुलीने खरं सांगितलं, तर मी तिलाच अडवलं."

विष्णूकाका उठून बाहेर गेले. नंतर चहाच्या वेळी काकांच्या आजूबाजूला कुणी फिरकलं नाही. अंतरा तेवढी दोन कप घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली.

डिसेंबरमध्ये नैनाने मला नगरहून कल्हई करून आणलं. आता मला दुसरं कुणी फिरवतं. काका आणि अंतरा शेवटच्या रांगेत बसतात. मी तिथे पोचलो की दोघंही मानेनेच नाही म्हणतात आणि घोट न घेता मला पुढे देतात. विष्णूकाका अजून काकांशी बोलत नाहीत. काकांचा विश्वास परत येईल की नाही, मला माहीत नाही. मला पुढे देताना मात्र ते आता आजूबाजूला बघत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी पितळेचं जुनं भांडं असेल तर काही ओतण्याआधी आत एकदा बोट फिरवून बघा. आणि घोट घ्यायचा नसेल तर सरळ नाही म्हणा. नुसते ओठ टेकवू नका. भांड्याला कळतं.