महेशचं वेगळं ताट

महेशला वेगळं ताट द्यायचं, हे घरात इतक्या झटपट ठरलं की भागुबाईला तोंड उघडायलाही वेळ मिळाला नाही. तिचा धाकटा दीर खंडेराव बोलला आणि त्याच्या बायकोने, धोंडाबाईने, फडताळातून जुना पेला आणि ताट काढून कोनाड्यात निराळं ठेवलं. मखमलाबादकडची ही मळ्यातली माणसं, झेंडू आणि भाजीपाला पिकवून नाशिकच्या बाजारात विकणारी, चार पैसे राखून असलेली, शहाणीसुरती. त्यांचं शहाणपण नेमकं ताटापाशी येऊन थांबलं.

त्याचं असं झालं. नवरात्रात मंडळाने रक्तदान शिबिर ठेवलं होतं. महेशने रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली, सर्टिफिकेट भिंतीला लावलं. पंधरा दिवसांनी रक्तपेढीचं पत्र आलं, समक्ष भेटा. भागुबाई मुलाबरोबर गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. महेशच्या रक्तात हिपॅटायटिस बी सापडला होता. काविळीच्याच जातीचा रोग, पण डोळे पिवळे न होताही वर्षानुवर्षं अंगात राहतो आणि आतून यकृत खातो. एकत्र जेवल्याने, एका पेल्याने पाणी प्यायल्याने तो लागत नाही. दुसऱ्याच्या रक्ताने, वापरलेल्या सुईने, नवराबायकोच्या संबंधाने आणि आईकडून बाळाला लागतो. महेशने दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं, आणि घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यायचं.

भागुबाईने भीत भीत सांगितलं की पोराचं लग्न ठरलंय, तुळशीचं लग्न लागलं की बार उडवायचा. बाई म्हणाल्या, लग्नाला काहीच आडकाठी नाही. मुलीला आजच सांगा. तिचं रक्त तपासू, मग तीन सुयांची लस, पहिली लग्नाआधीच देता येईल, आणि तिन्ही पुऱ्या होईस्तोवर काय काळजी घ्यायची ते दोघांना समजावून सांगेन. महेशने मान डोलावली. रिक्षात बसल्यावर आईला म्हणाला, मुलीकडे, सिन्नरला, यातलं काही कळता कामा नये.

खंडेरावाचं मत तेच पडलं. एकदा अक्षता पडू देत, मग सावकाश सांगू, आधी सांगितलं तर पोरगी हातची जाईल. घरातल्यांनी तपासायचा विषय निघाला तेव्हा त्याने हात झटकले. आम्हाला काय धाड भरलीय, म्हणाला.

भागुबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा तो इथेच. दरसाल दसऱ्याच्या आधी, झेंडूची तोड सुरू व्हायच्या आठवड्यात, खंडेराव बहिरूला मळ्यात बोलवायचा. बहिरू पूर्वी कुणा डॉक्टरकडे कंपाउंडर होता, आता सायकलवर पेटी घेऊन हिंडायचा. बांधावर वीस माणसं रांगेने उभी राहायची आणि बहिरू प्रत्येकाच्या दंडात ताकदीची लाल सुई टोचायचा. आठ दिवस रात्रंदिवस फुलं तोडायची तर अंगात ताकद नको? सुई एकच. मध्ये स्पिरिटचा बोळा फिरवला की झाली स्वच्छ. रोग तिथूनच आला असं कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. पण महेश लहानपणी सुईला भिऊन पळायचा, तेव्हा त्याला बखोटीला धरून रांगेत कोण आणायचं? भागुबाईच. मग बहिरूला चहाही तीच करून द्यायची. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटायची.

तीन आठवडे ती गप्प राहिली, ही तिची चूक. चौथ्या आठवड्यात धोंडाबाई महेशचं ताट राखेने वेगळं घासत होती आणि घासता घासता नव्या सुनेच्या बांगड्यांचं माप सांगत होती. भागुबाईचा तोल सुटला.

"ताटाला घाबरता," ती म्हणाली, "अन् त्या लोकाच्या पोरीला खुशाल त्याच्या अंथरुणात घालता? काय माणसं हाये का कोण हाये तुम्ही?"

महेश ओट्यावर बसून होता. त्याने वरही पाहिलं नाही. त्या न पाहण्याचा भागुबाईला सगळ्यांत जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लुगडं बदललं आणि कुणाला न सांगता सिन्नरची जीप धरली.

तिथे विहीणबाई रंगूबाई पापड वाळवत होत्या. नवरीमुलगी सायली घरातच होती, कॉलेजात शिकलेली, सरळ डोळ्यांत बघणारी. भागुबाईने चहाला हात न लावता डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. रंगूबाईंनी कपाळाला हात लावला, मग आवाज चढवला, मग रडल्या. भागुबाई ऐकत राहिली. तो मार तिचाच होता.

सायलीने मात्र प्रश्न विचारले. लस कुठे मिळते, किती महिन्यांत पुरी होते, पुढे बाळाला काय. बाळालाही जन्मल्याबरोबर सुई देतात, भागुबाई म्हणाली. सायलीने मान हलवली. "एवढंच ना? घेईन मी. उद्याच येते तपासायला." पोरगी लाखात एक होती.

मग सायलीने विचारलं, "यांना कधी कळलं, मावशी?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवड्यांत दोनदा फोन केला त्यांनी मला," सायली म्हणाली. "शालूचा रंग विचारायला."

भागुबाई परतली तेव्हा खंडेराव अंगणात तिची वाटच बघत होता. वहिनी, तुम्ही घराचं वाटोळं केलं, असं बरंच काही बोलला. तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती थेट महेशसमोर जाऊन उभी राहिली. त्याने खालच्या मानेनेच विचारलं, मोडलं ना, रोगाचं कळल्यावर?

"रोगाला ती भ्यायली नाय," भागुबाई म्हणाली. "तिन्ही सुया घ्यायला तयार होती. तू नको, म्हणाली."