एकट्याने चालेल असं

समिधाने मोजपट्टी यंत्राच्या तोंडात सरकवली, सोळा इंच वाचले आणि गुडघे झटकत उभी राहिली. ओमती बाजारातल्या यंत्रांच्या दुकानात दोन ड्रम सँडर शेजारी शेजारी मांडले होते, एक छोटा, एक चांगला ऐसपैस. काम दोन्हींचं एकच. पॉलिश पेपर गुंडाळलेला रूळ वर गरगर फिरणार, खालून फळी सरकत जाणार आणि घासून पलीकडे निघणार. ज्या फळीला समिधाची अख्खी दुपार लागायची, ती इथे चहा निवेस्तोवर तयार होणार होती.

"एकटा माणूस चालवू शकतो ना, भैया?"

हे तिने तिसऱ्यांदा विचारलं होतं. दुकानदार हसला.

"छोटीवाली अकेले का ही काम है, दीदी. बड़ी में दो लगेंगे. एक इधर से देगा, एक उधर से लेगा."

एवढंच ऐकायला ती आली होती. पुण्याच्या एका फर्निचर कारखान्याने तिला नोकरीवर बोलावलं होतं आणि सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. आज शुक्रवार. गेली सहा वर्षं ती विजय नगरच्या घरामागच्या शेडमध्ये वडिलांच्या, रत्नाकरांच्या हाताखाली देव्हारे, चौरंग आणि पाळणे घासत होती. ते संरक्षण खात्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं लाकडी साचे बनवून निवृत्त झालेले. कापणं, जोडणं त्यांचं आणि घासून गुळगुळीत करणं तिचं, अशी वाटणी कधी झाली हे कोणालाच आठवत नव्हतं. दोनेक वर्षांपासून तर ते प्रत्येक फळी तिच्याकडेच ढकलत. तुझा हात बारीक आहे, म्हणत. जनावराला दोरीने बांधतात, हिला कौतुकाने बांधलं होतं. दोरी निदान दिसते तरी.

पुण्याचं पत्र दाखवताना तिला भीती वाटली होती. रत्नाकरांनी मात्र चष्मा काढून लगेच "जा" म्हटलं होतं, काहून थांबते म्हणाले होते. घेतलेली कामं कोण पुरी करणार, हा प्रश्न तेवढा उरला. मग यंत्राची कल्पना तिनेच काढली. आपल्या जागी बदली माणूस आपणच आणून द्यावा, असा नियम कुठल्या सरकारी कचेरीत नाही, पण घराघरात असतो. समिधा गेला आठवडाभर यंत्रांची माहिती वाचत होती, आणि मनातल्या मनात बॅग भरत होती.

परक्याच्या फळीवर पारख करणं रत्नाकरांना मंजूर नव्हतं. तिच्यासोबत येताना त्यांनी घरून चौरंगाचा सागवानी पाट जुन्या चादरीत गुंडाळून आणला होता. पाट वीस इंच रुंद, यंत्राचं तोंड सोळा. दुकानदाराने आधी अर्धा पाट घासला, मग फिरवून उरलेला अर्धा. हे यंत्र एका बाजूने उघडं असतं, म्हणून असं जमतं, त्याने समजावलं. फक्त रूळ केसभर जरी तिरका असला, तर पाटाच्या मधोमध पायरी उठते. डोळ्यांना ती नेहमी दिसेलच असं नाही. हात फिरवून पाहायचं, लागली तर हा स्क्रू थोडा पिळायचा आणि पुन्हा घासायचं.

"घिसती मशीन है," तो म्हणाला, "बताता हाथ ही है."

रत्नाकर पुढे झाले. डोळे मिटले आणि तळवा पाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शांतपणे नेला.

"लोणी," ते म्हणाले. "झालं काम. मी करतो एकटा. तू निश्चिंत जा."

समिधाचा जीव हलका झाला. ती हसली, आणि सहा वर्षांच्या सवयीने तिचाही हात पाटावरून फिरला.

मधोमध बोट अडखळलं. पायरी चांगली नखाएवढी जाड होती. लहान मुलालाही लागली असती. दुकानदाराचा हात स्क्रूकडे निघाला होता, तो तिथेच थांबला आणि तो समिधाकडे बघू लागला.

तिला वाटलं, बाबा खोटं बोलून राहिले. मी जावं म्हणून. तिने त्यांचा हात धरला, दोन बोटं नेमकी पायरीवर ठेवली आणि हळूच मागेपुढे सरकवली.

"इथं काही लागते, बाबा?"

रत्नाकर पाटाकडे बघत नव्हते. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"थोडंसं," ते म्हणाले.

तिने बोटं उचलून सपाट जागी ठेवली, जिथे खरोखर काहीच नव्हतं.

"आणि इथं?"

"इथं पण थोडंसं."

तिने हात सोडला. दुकानदार उगाच पलीकडच्या खोक्यांत काहीतरी शोधायला गेला.

"केव्हापासून?"

"दोन वर्षं झाली असतील. शुगरचं आहे, डॉक्टर म्हणतात. आधी पाय बधिर झाले, मग बोटं."

"सांगितलं काहून नाही?"

"सांगून काय होणार होतं? तू अडकून राहिली असती."

अडकून तर ती तशीही राहिली होती. समिधाला राग आला. बापाचा आला, दुकानाचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण तिच्या मनात आलेला पहिला विचार असा होता की हात फिरवलाच नसता तर बरं झालं असतं. सोमवारी होकार गेला असता. आठवड्याभरात पुणं आलं असतं. मागे बाबा पायऱ्या उठलेले चौरंग विकत राहिले असते, लोक परत आणून देत राहिले असते आणि त्यांना कळलंही नसतं की लोकांना त्यात काय लागतं. या विचाराची तिला लाज वाटली. तरी तो लगेच गेला नाही.

दुकानदार परत आला. छोटी बांधून द्यायची का, असं त्याने जपून विचारलं.

"हाँ, छोटीच," रत्नाकर म्हणाले. "सीख जाऊंगा मैं."

"मोठी," समिधा म्हणाली.

"दीदी, बड़ी में दो आदमी—"

"हैं दो."

मोठ्या यंत्रातून पाट एका दमात निघणार होता, मधे पायरी उठायचा प्रश्नच नव्हता. ते तिने दुकानदाराला सांगितलंही, कोणी न विचारता, जरा मोठ्या आवाजात. पत्ता लिहून दिला. सोमवारी माल घरी पोचेल म्हणाला तो. तिने मान हलवली.

"आणि पुणं?" रत्नाकरांनी विचारलं.

"पुणं कुठं पळून नाही चाललं."

रत्नाकरांनी पाट पुन्हा चादरीत गुंडाळला. गाठ काही केल्या बसेना, तशीच सैल राहिली. दोघं बाहेर आले. समिधाने स्कूटर काढली आणि वाट बघत बसली. हेल्मेटचा पट्टा लावताना ते नेहमी पाठ फिरवून उभे राहायचे, पुष्कळ वेळ लावायचे, आणि ती वैतागून हॉर्न वाजवायची. आज त्यांनी पाठ फिरवली नाही. पाट काखेत धरून ते तिच्यासमोर आले आणि हनुवटी वर करून उभे राहिले.

तिने पट्टा लावून दिला.