एकवीस दिवसांत नवा कमलेश

कमलेश भोईर दारू पितो हे अख्ख्या कोलशेताला ठाऊक होतं, पण तोंडावर कोणी बोलायचं नाही. कारण बोलणाऱ्यांपैकी निम्मे त्याचे भाडेकरू होते आणि उरलेले त्याच्याबरोबर बसायचे.

आजोबांनी भात लावला, वडिलांनी मिठागरात पाय भाजून घेतले. कमलेशच्या वाट्याला आलं ते सहीचं काम. बिल्डरच्या कागदांवर त्याने सह्या केल्या, शेताच्या जागी तीन टॉवर उभे राहिले आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्याच्याकडे सगळं झालं. फक्त सकाळी उठून करायला काही राहिलं नाही. सुरुवातीला तो संध्याकाळी प्यायचा. मग दुपारच्या जेवणाआधी. आता शेहेचाळिसाव्या वर्षी तोंड धुतल्याबरोबर लागायची, नाहीतर चहाचा कप हातात धरवत नसे.

हे असंच चालू राहिलं असतं, पण आबाशेठनी त्याला व्यसनमुक्ती अभियानाचा प्रमुख पाहुणा केलं.

आबाशेठ म्हणजे पक्षातलं वजन. कमलेशला वॉर्डातून उभं करायचं त्यांच्या मनात होतं आणि त्यासाठी त्याचं नाव कुठल्यातरी पवित्र कामाला चिकटवायचं होतं. एका कॉलेजच्या पटांगणात चारशे पोरं हात पुढे करून उभी राहिली. कमलेशने कागद उलगडून शपथ वाचायला घेतली. ‘मी आजपासून कोणत्याही प्रकारचं व्यसन’ इथपर्यंत आला आणि अडला. पुढची ओळ त्याने मनात वाचली, मान हलवली, आणि माईक जवळ घेऊन अगदी कळकळीने म्हणाला, “पोरांनो, येवढी मोठी शपथ एकदम नका घेऊ. सोमवारपासून घ्या.”

चारशे मोबाइल वर झाले. संध्याकाळपर्यंत ते वाक्य ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत पोचलं होतं. त्याची मुलगी कृतिका त्याच कॉलेजात नव्हती एवढंच नशीब. पण तिच्या वर्गाच्या ग्रुपवरही ते आलंच. ती वडिलांना काही बोलली नाही. त्या दिवसापासून काहीच बोलली नाही.

आबाशेठचा फोन आला. “कमलेश, एकवीस दिवस गायब हो. आंबिवलीला आपल्या रत्नदीपचं योगग्राम आहे. आत जाशील तो वेगळा, बाहेर येशील तो नवा माणूस. आपण बॅनर लावू.”

“आणि नाय सुटली तर, शेठ?”

“अरे, बॅनर तर लागेल!”

रत्नदीप पूर्वी पाण्याचे फिल्टर विकायचे. नंतर त्यांच्या लक्षात आलं की लोकांना पाण्यापेक्षा स्वतःलाच गाळून घ्यायची हौस जास्त आहे. आता ते योगाचार्य होते. अंगात पांढरा कुडता, कॉलरला छोटा माईक. समोर एकच माणूस असला तरी माईक चालूच.

पहिल्या दिवशी त्यांनी कमलेशच्या बॅगेतून ब्लडप्रेशरच्या गोळ्या काढून पितळी वाडग्यात ठेवल्या. “हे सगळं केमिकल. इथे औषध एकच. प्राण.”

“प्राण म्हंजे?”

“श्वास.”

“मग तसं बोला ना. मला वाटलं, माझाच घेताय.”

मग ‘आधीचा’ फोटो झाला. कमलेशला केस विस्कटायला, खांदे पाडायला सांगितलं. फोटोग्राफर म्हणाला, “साहेब, अजून थोडं खचलेले दिसा ना. हां, सुंदर!” दुसऱ्या दिवशी त्याला पांढरा कुडता घालून झाडाखाली बसवलं आणि ‘नंतरचा’ फोटोही उरकून घेतला. एकवीस दिवस थांबायची गरज नव्हती, कारण पुढे फोटोग्राफरला लग्नाच्या ऑर्डरी होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी कमलेशला घाम फुटला. हात, मग मान, मग जबडा थरथरायला लागला. सगळे डोळे मिटून बसले होते आणि हा चटईवरून काहीतरी झटकत होता.

त्या दिवशी वर्ग शुभदा दातारांचा होता. शुभदाताई डोंबिवलीच्या. तीस वर्षं रुग्णालयात सिस्टर म्हणून काढलेल्या, निवृत्तीनंतर योगोपचाराचा रीतसर अभ्यास केलेल्या. आठवड्यातून तीनदा इथे शिकवायला यायच्या. रत्नदीपना त्या आवडत नसत, पण माहितीपत्रकावर त्यांचं नाव बरं दिसायचं.

“कमलेश, काय दिसतंय तुम्हाला?”

“मुंग्या. किती हायत बघा. तुम्हाला नाय दिसत?”

ताईंनी त्याचं मनगट धरलं, नाडी पाहिली आणि तशाच उठून ऑफिसात गेल्या. रत्नदीप मोबाइलसमोर कृतज्ञतेवर बोलत होते.

“त्या भोईरांना ताबडतोब दवाखान्यात न्यायला हवं.”

“ताई, ही शुद्धी आहे. शरीरातलं विष बाहेर पडतंय.”

“त्या विषाबरोबर माणूसही जाईल. गाडी काढा.”

“त्यांचा एकवीस दिवसांचा संकल्प मोडेल. आबाशेठना काय सांगू मी?”

“ते तुम्ही ठरवा. मी हे वॉर्डात पाहिलेलं आहे, रत्नदीप. गाडी काढताय की मी रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवू?”

गाडी दुधी भोपळे आणायला गेली होती. ताईंनी रिक्षा थांबवली.

शहाडच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलं होतं. कमलेश ताईंचा दंड घट्ट धरून बसला होता, लहान मूल धरतं तसा.

“मी मरणार काय, मॅडम?”

“माहीत नाही. माझ्याबरोबर श्वास सोडा. घ्यायचं नंतर बघू, आधी सोडा. लांब. अजून लांब.”

कल्याणच्या रुग्णालयात तो नऊ दिवस होता. पहिले दोन त्याला आठवतच नाहीत. डॉक्टरांनी बायकोला, कल्पिताला, समजावून सांगितलं, “इतकी वर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं. बंद करायची ती आमच्या नजरेखाली, औषधं घेऊन. आणि त्यांना झोप नाही, उमेद नाही, हेही आजारपणच आहे. त्यावरही उपचार करायचे.”

सहाव्या दिवशी कल्पिता डबा घेऊन आली. “अहो, नाक्यावर तुमचा बॅनर लागलाय. ‘एकवीस दिवसांत नवा कमलेश.’ झाडाखाली बसलाय तुमी.”

हाताला सलाईन लावलेल्या कमलेशने विचारलं, “कसा आलाय?”

“तुमच्यापेक्षा बरा,” कल्पिता म्हणाली आणि डबा उघडता उघडता रडायला लागली.

घरी आल्यावर कमलेशने शुभदाताईंना फोन केला. त्यांनी योगग्राम सोडलं होतं. किंवा योगग्रामने त्यांना. त्या म्हणाल्या, “माझ्याकडे व्यसनमुक्तीचा वर्ग नाही हो. सोसायटीच्या हॉलमध्ये गुडघेदुखीचा आहे. चालेल?”

“चालेल.”

“आणि एक आत्ताच सांगते. योगाने दारू सुटते असं मी कुणाला सांगत नाही. गोळी डॉक्टरांची घ्यायची. दारू सोडलेल्यांची मीटिंग असते, तिथे जायचं. मात्र ती ओढ येते ना, वीसेक मिनिटांची, जीव नकोसा करणारी, तेवढ्या वेळात स्वतःचं काय करायचं, ते मी शिकवीन.”

अशा रीतीने कोलशेतचे कमलेश भोईर, गळ्यात बोटाएवढी साखळी, रोज सकाळी माणकोलीच्या पुलावरून खाडी ओलांडून डोंबिवली पश्चिमेला अकरा म्हाताऱ्यांच्या वर्गात जाऊ लागले. पहिल्या दिवशी त्याला मांडी घालता येईना. एकोणऐंशी वर्षांच्या नलिनीताई शेजारून म्हणाल्या, “होईल हो. मला तर नवा गुडघा बसवावा लागला.” खुर्चीत बसून हात वर, हात खाली, लांब उच्छ्वास, मग दहा मिनिटं नुसतं पडून राहायचं. प्राण-बिण काही नाही. पडल्या पडल्या कधी त्याला रडू यायचं. बायका तिकडे न बघता बिनसाखरेच्या चहाचं बोलत राहायच्या.

मीटिंग मंगळवारची असायची. नेमका मंगळवारीच आबाशेठनी त्याला योगग्रामच्या नव्या शाखेच्या उद्घाटनाला बोलावलं. अनुभवकथनासाठी.

“मंगळवारी नाय जमणार शेठ, मीटिंग असते.”

“कुठल्या पक्षाची?” आबाशेठनी दचकून विचारलं.

पुढे वॉर्डाचं तिकीट रत्नदीपना मिळालं. स्वच्छ प्रतिमा म्हणून.

पाचव्या महिन्यात पुतण्याची हळद होती. हळदीला काय चालतं ते सांगायला नको. कमलेश तासभर सरबताचा ग्लास धरून उभा राहिला, नंतर ग्लास बदलला. दोन दिवस तो वर्गाला गेला नाही. तिसऱ्या दिवशी दारातच उभा राहून म्हणाला, “ताई, घेतली मी.”

हॉलमध्ये सगळ्यांचे हात वर होते ते तसेच राहिले.

“डॉक्टरांना सांगितलंस?” ताई प्रथमच ‘तू’ म्हणाल्या.

“आत्ता त्यांच्याकडूनच आलोय.”

“मग चटई घाल. खिडकीशी जागा आहे.”

असे महिने गेले. बाहेर सगळं सुधारत होतं आणि घरात मात्र वेगळाच घोर लागला होता. नवरा पावणेसहाला उठून आंघोळ करतो, इस्त्रीचा टीशर्ट घालतो, स्वतःशी गुणगुणत गाडी काढतो, हे लक्षण कल्पिताला बरं दिसेना. त्याने सांगितलं होतं, योगाला जातो. पण दहा वर्षांत त्याने सांगितलेलं एकतरी खरं निघालं होतं का? एक दिवस त्याच्या मोबाइलवर मेसेज चमकला. ‘काल तुमच्याशिवाय करमलं नाही. नलिनी.’ पुढे गुलाबाचं फूल.

कल्पिताने तो सासूला वाचून दाखवला. ठमाबाईंनी बराच वेळ तंबाखूची मिश्री दाताला लावली आणि मग म्हणाल्या, “पीत व्हता तवा कया पडलाय ता तरी ठाव असायचा. चल, गारी काढ. मना बगायचीय ती नलिनी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी त्याच्या मागोमाग निघाल्या. ठमाबाईंनी मुद्दाम नऊवारी कसून नेसली होती. जिना चढताना त्या पायरीपायरीला थांबत होत्या, पण कल्पिताचा हात धरायला तयार नव्हत्या. हॉलचं दार त्यांनीच ढकललं.

आत बारा जणं एका पायावर उभी होती. अकरा पांढरी डोकी आणि एक कमलेश. त्याच्या खांद्यावर हात टेकून एक वाळकी म्हातारी हलत-डुलत उभी होती, आणि कमलेश स्वतः न हलता सांगत होता, “पडणार नाय तुमी. मी हाय ना.”

“कोण हवंय आपल्याला?” शुभदाताईंनी विचारलं.

“नलिनी,” ठमाबाई करारीपणे म्हणाल्या.

“मीच,” ती वाळकी म्हातारी म्हणाली आणि तोल जाऊन कमलेशच्या अंगावर आली.

कल्पिताला हसू आवरेना. ती बाहेर चपलांच्या ढिगाजवळ जाऊन बसली आणि तोंडावर ओढणी धरून हसत राहिली. ठमाबाई मात्र आत उभ्याच. मुलाकडे बघत होत्या. मग शुभदाताईंना म्हणाल्या, “माजं पन गुडगं दुकतान.”

“या ना आजी, खुर्ची आहे.”

ठमाबाई खुर्चीत बसल्या. हात वर केले, खाली केले. श्वास लांब सोडायला सांगितला तसा सोडला. तो संपेचना. शेवटी त्या डोळे न उघडता म्हणाल्या, “आसा तर मी रोज सोरतंय. पोराच्या नावानी.” नलिनीताईंनी पर्समधून खडीसाखर काढून त्यांच्या हातावर ठेवली.

परतताना तिघं एकाच गाडीत बसले. कल्पिताची गाडी तिथेच सोसायटीबाहेर राहिली, ती कोणाच्या लक्षातच आली नाही. कृतिका आता बोलायला लागली होती, पण तुटकच. त्या सकाळीही तिने फोनवर फक्त “आजी कुठे गेलीय?” एवढंच विचारलं. कमलेशने सांगितलं, माझ्याबरोबर आहे. “ओके,” ती म्हणाली.

माणकोलीच्या पुलावर ऊन आलं होतं. कमलेशला आईला काहीतरी विचारायचं होतं म्हणून त्याने आरशात पाहिलं. ठमाबाई मागच्या सीटवर, तोंड उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या.

“उठवू?” त्याने विचारलं.

“नको,” कल्पिता म्हणाली. “जरा हळू चालवा.”