शेऱ्याचा रकाना

सरकारी क्वार्टर कशी असते हे कंत्राटदाराला विचारू नका, तो शपथेवर खोटं सांगेल. सहा वर्षं तिथे काढलेल्या बाईंना विचारा. शाळेमागे एका ओळीत चार क्वार्टर. तीन एका खोलीच्या, चौथी दोन खोल्यांची. बाईंची एका खोलीची. खाटेवर बसून हात लांब केला की स्टोव्ह, पाय लांब केला की दार. खिडकी उघडली तर मिटायची नाही आणि मिटली तर उघडायची नाही. दिवसभर पहिलीच्या पोरांना शिकवायचं आणि संध्याकाळी त्या खिडकीशी फोन मांडीवर घेऊन बसायचं, एवढंच बाईंचं जग.

फोन यायचा मुंगीचा. मुंगी म्हणजे त्यांची लेक. आता सात वर्षांची, पण बाईंची बदली इथे झाली तेव्हा जेमतेम वर्षाची. ती आठ तासांच्या प्रवासावर, शहरात, वडिलांजवळ आणि आजीजवळ. वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे, त्यांचं काय, हत्यारांची पेटी उचलली की कुठेही दुकान. पण सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. एका खोलीत चार माणसं, त्यातलं एक कायमचं आडवं, कशी राहणार? इथेच सहा वर्षं घोडं पेंड खात होतं. पोर चालायला लागली, बोलायला लागली, तिचा पहिला दात पडला, सगळं बाईंनी फोनवर ऐकलं. दात पडणं ही काय ऐकायची गोष्ट आहे?

आणि यंदा मुख्याध्यापक निवृत्त झाले. चौथी क्वार्टर रिकामी झाली! बाई शाळा सुटल्यावर तिथे जाऊन आल्या, आतल्या खोलीत पावलं टाकून आल्या. सासूबाईंची खाट भिंतीकडे, मुंगीचं अंथरूण खिडकीखाली. खिडकी उघडत होती आणि मिटतही होती.

कचेरीतून क्वार्टरच्या अर्जाचे फॉर्म आले ते सकाळच्या पहिल्या तासाला, शिपाई वर्गाच्या दारातच उभा. "बाई, आत्ताच्या आत्ता भरून द्या, जीप थांबलीय." बाईंची नुकतीच हजेरी घेऊन झाली होती, पेन हातातच होतं. कुटुंबातली माणसं, त्यांची नावं, पुढे शेरा. बाईंनी स्वतःचं नाव लिहिलं, पुढे लिहिलं, हजर. नवऱ्याचं नाव, गैरहजर. सासूबाई, गैरहजर. मुंगी, गैरहजर. अठरा वर्षं रोज सकाळी तेच लिहिणारा हात, त्याला कोण काय सांगणार? सही केली, फॉर्म दिला, आणि 'क'ला काना शिकवायला वळल्या.

पंधरा दिवसांनी यादी लागली. चौथी क्वार्टर गणिताच्या सरांना. त्यांनी बायको, दोन पोरं आणि वर्षातून एकदा जेवायला येणारा मेहुणा, सगळे 'सोबत राहतात' असं ठोकून दिलं होतं. गणिताचा माणूस, बेरीज चुकेल कशी!

बाई तडक कचेरीत गेल्या. कारकुनाने फॉर्म काढून त्यांच्यापुढे सरकवला.

"बाई, माणसं राहतात की नाही ते लिहायचं असतं. तुम्ही तर हजेरी घेतलीत."

बाईंनी डोक्याला हात लावला. "अहो, सवयीने लिहिलं गेलं. ती यायचीच आहेत, खोली मिळाली की."

"साहेबांनी कागद वाचला. एकटी बाई, एक खोली. आता पुढची यादी तीन वर्षांनी." मग त्याचा आवाज जरा उतरला. "हरकतीचा अर्ज देऊन बघा. आठवडाभर मुदत आहे."

परतीच्या वाटेवर बाई स्वतःलाच शिव्या घालत होत्या. लोक दुसऱ्याच्या पायावर धोंडा मारतात, हिने नेम धरून स्वतःच्या मारला. आणि लिहिलं तरी कुणाच्या नावापुढे? पोटच्या पोरीच्या!

संध्याकाळी फोन आला. नवऱ्याने विचारलं, "काय गं, लागली का यादी?" बाईंनी सगळं सांगितलं. पलीकडे स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तू खोटं तर काही लिहिलं नाहीस," तो म्हणाला. तो समजूत घालत होता, पण बाईंना तेच सगळ्यात लागलं.

मग मुंगीने फोन ओढून घेतला. "आई, मी शाळा-शाळा खेळतेय. मी बाई आहे. हजेरी चाललीय."

"हो का? कोण कोण आहे वर्गात?"

"बाहुली, आजीची उशी, बाबांचा डबा. आणि तू."

"मी? मग माझ्यापुढे काय लिहितेस गं? गैरहजर ना?"

"नाही. रोज हजर."

"अगं, मी तिथे नसते ना. मग ते खोटं नाही का झालं?"

"खोटं कसं? तू येणार आहेस की!" मुंगी म्हणाली, आणि जरा दरडावून, खऱ्या बाईंसारखं म्हणाली, "उशीर झाला म्हणून काय गैरहजर लावायचं?"

बाई खूप रडल्या. पदराने तोंड पुसलं तेव्हा बाहेर अजून उजेड होता. त्यांनी वहीतला कोरा कागद फाडला आणि हरकतीचा अर्ज लिहायला घेतला. चार नावं एकाखाली एक लिहिली, शेऱ्याचा रकाना आखला, आणि सगळ्यात आधी मुंगीपुढे लिहिलं, उशिरा येत आहे.