खरवडलेला लेप

येडशीत कुणाच्या मेंढीला जखम झाली की लोक माझ्याकडं यायचे, माझ्या पांढऱ्या मातीच्या लेपासाठी. यंदा मात्र धाकटा भाऊ वैजनाथ याच्या मेंढीची मांडी तारेनं फाटली, तेव्हा त्यानं आपल्या नातीला बोलावलं. आरोही औषधशास्त्र शिकते.

"आबा, ही बी मातीच हाय," लेप लावताना ती मला म्हणाली. "हिच्यात डोळ्याला न दिसणाऱ्या नळ्या असत्यात. त्यांत औषध भरलंय, ते पाच दिवस थोडं थोडं पाझरतं. तवर हात लावू नका."

"आबांच्या मातीपेक्षा तुझी माती जास्त शिकलेली दिसती," वैजनाथ हसला.

ते मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी लेप वाळलेला दिसला. आमच्यात लेप वाळला म्हणजे संपला. तो काढून नवा लावायचा. एवढं कारण मला पुरलं. तिचा लेप गुपचूप खरवडून मी दिसायला तसाच असलेला माझा लावला.

चौथ्या दिवशी जखम चिघळली. "पोरीचं औषध फसलं," वैजनाथ म्हणाला. मला आधी गोडच वाटलं. पण आरोही खाली मान घालून वहीत तेच लिहू लागली, आणि मेंढीला पाय टेकवत नव्हता.

"लिहू नको. लेप म्या खरवडला," मी म्हणालो.

ती रागावली नाही. तिनं जखम धुऊन पुन्हा आपला लेप लावला. आठवड्यात मेंढी चरायला लागली.

"आबा, तुमची माती कुठनं आणता?" परवा तिनं विचारलं.

ते मात्र मी अजून सांगितलेलं नाही.